वाचक विचारतात : १९७१ आणि अ‍ॅडमिरल नंदा

१९७० ते १९७३ या काळात, म्हणजे १९७१च्या भारत-पाकिस्तान युद्धातही, नौदलप्रमुख असलेल्या अ‍ॅडमिरल सरदारीलाल नंदा यांच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे.

प्रश्न : कराचीवर हल्ला केला क्षेपणास्त्र नौकांनी. नौदलप्रमुख तर दिल्लीत होते. मग श्रेय त्यांना का?
(रत्नागिरी)

उत्तर : श्रेयाचे वाटेकरी बरेच आहेत. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’ या क्षेपणास्त्र नौकेवरून हल्ल्याचे नेतृत्व कमांडर बब्रूभान यादव यांनी केले. पश्चिम ताफ्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल कुरुविला होते आणि त्यांच्यावर मुंबईत व्हाइस अ‍ॅडमिरल कोहली. समुद्रात प्रत्यक्ष काय करायचे, हे प्रमुख ठरवत नाही आणि ठरवूही नये. परवानगी मिळवणे, साधने जुळवणे आणि कोणते जहाज कोणत्या समुद्रात पाठवायचे हे पक्के करणे, ही कामे त्याची.

यातली परवानगी सर्वांत महत्त्वाची. १९६५च्या युद्धात व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सोमण नौदलप्रमुख होते. आक्रमक कारवाईसाठी पोरबंदरच्या उत्तरेला जायचे नाही, असे बंधन सरकारने नौदलावर घातले होते. पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या, तरी आपल्या ताफ्याचे हात बांधलेलेच राहिले. नंदांनी ते डोळ्यांसमोर ठेवले आणि युद्धाआधीच पंतप्रधान इंदिरा गांधींना विचारून घेतले, कराचीवर हल्ला केला तर राजकीय अडचण येईल का? युद्ध म्हणजे युद्ध, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ही परवानगी ऐन वेळी मागितली असती, तर सरावाला वेळच उरला नसता. शिवाय नंदांचे बालपण कराचीजवळच्या मनोरा बेटावर गेलेले. त्या बंदराची त्यांना खडान्‌खडा माहिती होती.

प्रश्न : या नौका कराचीपर्यंत दोराने ओढत नेल्या, हे खरे का? स्वतःच्या इंजिनावर का नेल्या नाहीत?
(सांगली)

उत्तर : काही अंतरापर्यंत खरे आहे. ओसा वर्गाची ही क्षेपणास्त्र नौका भरल्या वजनाने जेमतेम दोनशे टनांची. तीन डिझेल इंजिने, चार क्षेपणास्त्रे, वेग चाळीस नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास. रशियाने ती किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवली होती, लांब पल्ल्यासाठी नव्हे. मुंबई ते कराची अंतर सुमारे ५०० सागरी मैल. पूर्ण वेगात गेले तर जातानाच टाकी रिकामी होते आणि परतीचे नाव काढायला नको. शिवाय अशी वेगवान इंजिने सतत दामटली की दुरुस्तीची पाळी लवकर येते.

उपाय आधीच सापडलेला होता. इतके वजन उचलणारी क्रेन मुंबई बंदरात नसल्यामुळे या नौका कलकत्त्याला उतरवल्या होत्या आणि तिथून ओढतच मुंबईला आणल्या होत्या. म्हणजे दोर लावून त्या शेकडो मैल नेता येतात, हे अनुभवाने कळले होते. ओढताना दोर लांब ठेवून मध्ये झोळ राहू द्यावा लागतो. दोन्ही जहाजे वेगवेगळ्या लाटांवर चढतात-उतरतात. दोर ताठ असला तर एका हिसक्यात तुटतो, नाहीतर बांधलेला खुंटा उखडतो.

‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ यांच्यासोबत ‘किल्तान’ व ‘कछाल’ या पाणबुडीविरोधी नौका आणि ‘पोषक’ हे तेलवाहू जहाज होते. दिवसा हा गट कराचीपासून सुमारे २५० मैलांवर, विमानांच्या टप्प्याबाहेर थांबला आणि अंधार पडल्यावर पुढे सरकला. पाकिस्तानच्या ‘खैबर’ विनाशिकेवर क्षेपणास्त्र आदळले तेव्हा तिने संदेश पाठवला तो विमानहल्ल्याचा. जहाजावरून येणाऱ्या क्षेपणास्त्राची कल्पनाच तिथे कोणाला नव्हती. ‘खैबर’ आणि सुरुंग काढणारी ‘मुहाफिज’ या दोन्ही बुडाल्या.

प्रश्न : विमानवाहू ‘विक्रांत’ नादुरुस्त असूनही युद्धात उतरवली, हा धोका नव्हता का?
(ठाणे)

उत्तर : धोका होताच. बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमला तडे गेले होते आणि ते वेल्डिंगने सांधण्यासारखे नव्हते. ब्रिटनकडे नवे ड्रम मागवले, पण ते वेळेत आले नाहीत. १९७१च्या मार्चमध्ये मुंबईतच कमी दाबावर बॉयलर पेटवून चाचण्या सुरू झाल्या. दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ४०० पौंड ठरली. एरवी सुमारे २५ नॉटने धावणारे जहाज १४ नॉटवर आले.

विमानवाहू जहाजाला हे फार जाचते. उड्डाणासाठी जहाजाचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज उपयोगी पडते. एक घटला की दुसऱ्यावर भिस्त. विमान फेकणाऱ्या कॅटापल्टलाही याच बॉयलरची वाफ लागते.

नंदांनी तिला पूर्वेला पाठवले. आमच्या मते त्यांचा हाच निर्णय सर्वांत मोलाचा. पश्चिमेला एवढे संथ जहाज पाकिस्तानच्या डॅफ्ने वर्गाच्या तीन पाणबुड्यांच्या तोंडी गेले असते. पूर्वेला शत्रूकडे ढाक्यात सेबर विमानांची एकच तुकडी होती, आणि बंगालच्या उपसागरापर्यंत येऊ शकणारी ‘गाझी’ ही एकच पाणबुडी. ती विशाखापट्टणमजवळ ‘विक्रांत’ला शोधत राहिली आणि तिथेच बुडाली. त्या वेळी ‘विक्रांत’ अंदमानात होती. पुढे तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावची दाणादाण उडवली.

प्रश्न : दीवला पाहायला मिळते ती ‘खुकरी’ युद्धनौका १९७१मध्ये बुडालेलीच का?
(पणजी)

उत्तर : नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने बुडवलेली ‘खुकरी’ दीवजवळ समुद्राच्या तळाशी आहे. तिच्यासोबत कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यांचे स्मारक दीवच्या किनाऱ्यावर आहे. लोक चढून पाहतात ती त्याच नावाची दुसरी नौका. ती माझगाव डॉकने बांधली आणि १९८९ ते २०२१ ती सेवेत होती. दीवला गेलात तर दोन्ही ठिकाणी जरूर जा.