झोपेची गोळी एकदम बंद करावी का?

प्रश्न : आईचे वय 70. चार महिन्यांपासून रोज झोल्पिडेम 10 मि.ग्रॅ. घेते. आता औषध दुकानदार नव्या चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही. बंदच करून टाकू का?

उत्तर : दुकानदाराचे बरोबर आहे. हे औषध 'शेड्यूल एच-1'मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येते. रुग्ण, डॉक्टर आणि दिलेल्या गोळ्यांची नोंद त्याला 3 वर्षे जपावी लागते. पण एकदम बंद करू नका. इतक्या महिन्यांनंतर गोळी अचानक थांबली की झोप आधीपेक्षाही उडते, घाबरल्यासारखे होते, क्वचित फिटचे झटकेही येतात. उरलेल्या गोळ्या संपायच्या आत डॉक्टरांना भेटा.

खरी काळजी मात्र डोसची आहे. या वयात साधारण 5 मि.ग्रॅ. दिली जाते. 10 मि.ग्रॅ.वर रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. डोस टप्प्याटप्प्याने, काही आठवड्यांत उतरवायला सांगा. पाकिटावर 'सीआर' (औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर गोळी मोडू नका, सगळे औषध एकदम सुटते. गोळी अंथरुणावर बसूनच घ्यावी, जेवणाबरोबर नको. पुढचे 7-8 तास झोपेला मोकळे हवेत. सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध सोबत नको. झोपेत चालणे किंवा स्वयंपाकघरात वावरणे दिसले, तर पुढची गोळी देण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.