मुलांना भुताचा सिनेमा दाखवण्याआधी

आधी प्रमाणपत्र बघा. 2024 पासून सेन्सॉर बोर्ड ‘यूए’मध्ये (म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे सिनेमे) वयानुसार 7+, 13+ आणि 16+ असे वेगळे गट देतं. ‘ए’ असेल तर 18 वर्षांखालच्या मुलाला पालकांसोबतही थिएटरात प्रवेश नाही. पण आकड्यावर थांबू नका, सिनेमा आधी स्वतः बघा. रक्तापेक्षा जास्त टोचतं ते ओळखीचं घर: पलंगाखालचा अंधार, बाथरूमचा आरसा आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईच्याच अंगात शिरलेलं भूत. असं दृश्य असेल तर सहा-सात वर्षांच्या मुलाला मुळीच दाखवू नका. खोटं आहे हे सांगून त्या वयात भीती जात नाही. त्याहून मोठ्या मुलांना दुपारी, दिवे लावून, आवाज कमी ठेवून दाखवा, कारण दचकवण्याचं निम्मं काम अचानक वाढणारा आवाज करतो. मूल ‘बंद करा’ म्हणालं की लगेच बंद करा, चिडवू नका.