पोटाचं डायलिसिस नियमित, तरी खाज का?

प्रश्न : वडील पोटाच्या डायलिसिससाठी दिवसातून द्रवाच्या चार पिशव्या बदलतात. तरी रात्री अंगभर खाज सुटते, पुरळ मात्र नाही. काय करावं?

उत्तर : आधी रक्तातलं फॉस्फरस, कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम-फॉस्फरसचं संतुलन राखणारं संप्रेरक) तपासा. फॉस्फरस कमी करणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची असते. उपाशीपोटी घेतल्यास ती अन्नातलं फॉस्फरस बांधत नाही. ही चूक फार होते. आठवड्याचा केटी/व्ही (डायलिसिसनं रक्त किती साफ होतं, याचं माप) १.७ पेक्षा कमी असेल, तर पिशव्यांचं प्रमाण किंवा वेळ बदलावी लागेल. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मलम लावा, कॅथेटरची (पोटात बसवलेल्या नळीची) जागा सोडून. एवढं करूनही झोप मोडत असेल, तर त्यांनी मुकाट सोसू नये. गॅबापेन्टिनचा उपयोग होतो, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी : हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं, साठलं तर गुंगी येते, तोल जातो.