सांगाडा प्लायचा ठरला होता, निघाला भुशाचा

प्रश्न : मॉड्युलर किचनच्या कोटेशनमध्ये कपाटांच्या सांगाड्यासाठी ‘बीडब्ल्यूपी प्लाय, आयएस ७१०’ (उकळत्या पाण्यातही थर न सुटणारा प्लाय आणि त्याचं भारतीय मानक) असं लिहिलेलं आहे. ८० टक्के रक्कम दिली. चार महिन्यांत सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला आणि आतून भुसा निघतोय. दोन ड्रॉवर अजून बसवलेलेच नाहीत. ठेकेदार म्हणतो, गळती तुमच्या नळाची. उरलेले पैसे द्या, नाहीतर शटर (कपाटांची दारं) काढून नेतो. सगळं उखडून दुसऱ्याकडून करून घेऊ का?

उत्तर : एवढ्यात उखडू नका. तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा सध्या भिंतीला स्क्रूने लावलेला आहे. तो भंगारात गेला की मागे उरेल तो फक्त तुमचा शब्द आणि ठेकेदाराचा शब्द.

आधी गळती थांबवा. करार कायद्याचं कलम ७३ नुकसानभरपाई देतं, पण नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते तेही हिशेबात धरायला सांगतं. पाणी गळतंच ठेवलंत तर पुढच्या खराबीची भरपाई मागणं अवघड जाईल. प्लंबरच्या बिलावर नेमकं कुठून गळत होतं आणि काय बदललं ते लिहून घ्या. गळतीचा बचाव ठेकेदार करणारच. त्याने फार तर तळ फुगण्याचा खुलासा होतो. गळतीने प्लायचा पार्टिकल बोर्ड (दाबलेल्या भुशाची फळी) होत नाही.

म्हणून माल कोणता वापरला हे सिद्ध करण्यावर जोर द्या, आणि तेही फक्त सिंकखाली नव्हे, कोरड्या कपाटांतही. लॅमिनेटखाली काय आहे ते वरून दिसत नाही, पण सांगाड्याला उघड्या कडा असतातच : पाइपसाठी कापलेलं भोक, स्कर्टिंगमागची खालची कड, पाठीमागची बाजू. प्लायला पातळ थर दिसतात, पार्टिकल बोर्डाला दाणे, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) एकजीव असतो. बिजागरीचं ३५ मिमीचं भोक बघून निष्कर्ष काढू नका. ते शटरमध्ये असतं आणि तुमच्या कोटेशनमधली अट सांगाड्यापुरती आहे. शटर एमडीएफचं निघालं तर तेवढ्याने करार मोडत नाही.

प्रत्येक जागेचा फोटो मोजपट्टी ठेवून काढा आणि सलग व्हिडिओ करा. मूळ फाइल्स व व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण फोनमधून पुसू नका. एखाद्या स्वतंत्र वास्तुविशारदाकडून सहीशिक्क्याचा पाहणी अहवाल घ्या आणि पाहणीची तारीख ठेकेदाराला आधी लेखी कळवा. तो आला नाही तरी चालेल. कळवल्याची नोंद हवी. निघालेले तुकडे तारीख लिहून बंद पिशवीत ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे ग्राहक आयोग मालाचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, मात्र त्यासाठी माल शिल्लक असावा लागतो.

मग नोटीस. पोच मिळेल अशा टपालाने आणि ईमेलनेही पाठवा. कोटेशनमधली ओळ शब्दशः उतरवा, फोटो जोडा, सांगाडे बदलून ड्रॉवर बसवायला १५ दिवस द्या. ‘काम कराराप्रमाणे पूर्ण होताच उरलेले २० टक्के देईन’ हे वाक्य विसरू नका, नाहीतर पैसे बुडवणारे तुम्हीच ठरता. पूर्ण होण्याची तारीख करारात ठरलेली असेल आणि ती टळल्यावर ठेकेदार कामाला आला, तर उशिराच्या भरपाईचा हक्क राखून ठेवत असल्याचं काम स्वीकारतानाच लेखी कळवा. वेळ हा कराराचा गाभा असेल, म्हणजे ठरल्या वेळेत काम होणं ही मूळ अट असेल, तर करार कायद्याच्या कलम ५५ नुसार गप्प राहून काम स्वीकारणाऱ्याला ती भरपाई मागता येत नाही.

शटर नेण्याच्या धमकीला घाबरू नका. माल विक्री कायदा १९३० नुसार, पैसे थकलेल्या विक्रेत्याला माल अडवता येतो तो ताब्यात असेपर्यंत. माल तुमच्या घरात रीतसर आला की तो हक्क संपतो. बाकी रकमेसाठी त्याने दावा लावावा. दुरुस्तीच्या नावाखाली कपाट घेऊन जाणार असेल, तर नगांची यादी करून त्यावर सही घेतल्याशिवाय काही हलू देऊ नका.

मुदतीत काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ठेकेदाराच्या ‘पुढच्या आठवड्यात येतो’ने ती आपोआप वाढत नाही. मागणी मोजून करा : सदोष सांगाड्यांची किंमत, ते काढण्या-बसवण्याचा खर्च, त्रासापोटी भरपाई. सगळी रक्कम परत मागितलीत तर ओटा आणि धड असलेले भाग वापरताय त्याचं काय, हा प्रश्न येईल.

पोलिसांत जाण्याची घाई नको. करार मोडला एवढ्याने फसवणूक होत नाही, सुरुवातीपासूनचा खोटा हेतू दाखवावा लागतो. बिलावर आयएस ७१० लिहून बोर्ड बसवल्याचं अहवालातून निघालं, तर त्या मार्गाचा विचार तेव्हा करता येईल.

स्वयंपाकघराविना राहणं शक्य नसेल तर नोटिशीची मुदत संपल्यावर, अहवाल हातात घेऊन, फक्त सिंकखालचं कपाट बदला. नव्या माणसाचं कोटेशन आणि बिल त्या एकाच कामाचं, वेगळं घ्या.