बेअरिंगचं बिल शोधा, एफडी राहू द्या

साताऱ्याच्या एका शिक्षकांचं पत्र आलंय. २०१९ ची हॅचबॅक, ८४ हजार किलोमीटर झालेली. पुढच्या डाव्या चाकातून घरघर यायला लागली, तेव्हा सुट्टीत व्हिडिओ बघून त्यांनी स्वतःच ब्रेक पॅड आणि त्या चाकाचं बेअरिंग बदललं; बेअरिंग प्रेसने दाबून बसवायला तेवढं हब, म्हणजे चाक जोडतात तो भाग, लेथवाल्याकडे नेलं. घरघर गेली, पण डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा लाइट लागला. गॅरेजने "स्पीड सेन्सरचा प्रॉब्लेम दिसतोय, मॉड्युल गेलं असणार" म्हणत ४२ हजारांचा अंदाज दिला; मॉड्युल म्हणजे एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. मेहुणे म्हणतात, गाडी काढून टाका आणि नवी घ्या. जुनीला २ लाख ६० हजार मिळतायत, नवी ऑनरोड साडेनऊ लाखांना. पगार हातात ५८ हजार, घराचा हप्ता साडेसतरा हजार, मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. दोन लाखांची एफडी नोव्हेंबरमध्ये संपते. ती मोडून दुरुस्ती करू की कर्ज काढून नवी गाडी घेऊ, असा त्यांचा प्रश्न.

सर, आकडे तुम्ही नीट मांडलेत. पण माझी नजर अडली ती शेवटी कंसात टाकलेल्या वाक्यावर: "बेअरिंग मी घरी बदललं हे गॅरेजमध्ये बोललो नाही, उगाच हसतील." पैशाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारे लोकही असंच करतात. पगार सांगतात, एसआयपी सांगतात, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी तिसऱ्या भेटीत बाहेर पडते. तोवर मी केलेला आराखडा कागदावरच राहतो. तुमचा ४२ हजारांचा अंदाजही तसाच, अर्ध्या माहितीवरचा.

गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही. माझा शाळासोबती कराडला गॅरेज चालवतो, त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्याने एकच विचारलं: लाइट चावी फिरवल्या फिरवल्या लागून राहतो, की गाडी चालायला लागल्यावर? त्याचं उत्तर तुमच्या पत्रातच होतं. "सुरू केल्यावर विझतो, गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलो की परत लागतो." तो म्हणाला, वायर तुटली असती किंवा मॉड्युल आतून मेलं असतं, तर लाइट बहुधा विझलाच नसता. एबीएस उभ्या गाडीत आधी स्वतःची विद्युत तपासणी करतं. ती तुमच्या गाडीत पास होतेय. गाडी हलल्यावर चारपैकी एका चाकाचा वेग त्याला मिळत नाही, म्हणून ते तक्रार करतं.

मग त्याने एक जुनं बेअरिंग हातात दिलं. दोन्ही बाजूंना काळसर सील, दिसायला सारखेच. पण एका बाजूला टाचणी हलकेच चिकटली, दुसरीकडून घसरून पडली. त्या चिकटणाऱ्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. चाक फिरलं की तिचे ध्रुव सेन्सरसमोरून जातात आणि त्यावरून वेग मोजला जातो. ही बाजू सेन्सरकडे हवी. लेथवाल्याने प्रेस मारताना बेअरिंग उलटं बसवलं, तर चाक छान फिरेल, आवाज येणार नाही, पण सेन्सरला समोर काहीच दिसणार नाही. तुम्ही हब काढून लेथवाल्याकडे नेलं होतं, म्हणून ही शक्यता पुष्कळ वजनाची. शिवाय कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) लोंबकळत ठेवला असेल तर सेन्सरची वायर ओढली गेली असेल, कनेक्टर अर्धवट बसला असेल, सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस चिकटला असेल. हे किरकोळ दोष शेकड्यांतलं काम. बेअरिंग किंवा सेन्सर बदलावा लागला तरी खर्च हजारांतच राहतो, ४२ हजारांत जात नाही.

तुम्ही गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा आठशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर लावलात, त्यात दोष दिसला नाही आणि तुम्ही गॅरेजवर विश्वास ठेवलात. स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड 'सी'ने सुरू होतात. ते वाचणारं मशीन असलेलं दुसरं गॅरेज शोधा. दार उघडतानाच सांगा की बेअरिंग घरी बदललंय. कोड कागदावर लिहून मागा आणि गाडी वीसच्या वेगाने चालवत चारही चाकांचा वेग स्क्रीनवर दाखवा म्हणा. तीन चाकं वीस दाखवतायत आणि डावं पुढचं शून्यावर, असं निघालं तर वादच मिटला. यासाठी हजारएक रुपये गेले तर जाऊ द्यात. या प्रकरणात मनापासून खर्च करावा असा हा एकच पैसा आहे.

आता नवी गाडी. जुनीचे पैसे वजा जाता सुमारे सात लाखांचं कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांना हप्ता १४,७०० च्या आसपास, आणि व्याजापोटी १ लाख ८२ हजार. घराच्या हप्त्यासकट महिना ३२,२०० रुपये, म्हणजे हातातल्या पगाराच्या ५५ टक्के. बारावीच्या वर्षात हे ओझं घेऊ नका. मेहुण्यांना वाईट वाटलं तर माझं नाव सांगा. आणि विकायचीच असेल तरी लाइट लागलेली गाडी विकू नका. तुम्हीच लिहिलंय की डीलर म्हणाला, लाइट नसता तर तीन लाख दिले असते. एका दिव्याचे चाळीस हजार!

समजा, स्कॅननंतर मॉड्युलच गेल्याचं खरंच निघालं. तरी एफडी मोडू नका. ३६ महिन्यांतले ३२ झालेत. मुदतीआधी मोडली तर एफडी जितका काळ चालली तेवढ्या मुदतीचा दर बँक लावते आणि वर बहुतेकदा दंड कापते. सात टक्क्यांचे सहा झाले तरी सहा हजारांच्या आसपास जातात. त्याच एफडीवर ४२ हजारांचं कर्ज उचललंत आणि बँकेने एफडीच्या दराहून एक टक्का जास्त लावला, तर चार महिन्यांचं व्याज अकराशेच्या घरात बसेल. मोठ्या शहरांत मॉड्युल उघडून दुरुस्त करणारे असतात, त्यांचा भावही आधी विचारा.

लाइट विझेपर्यंत मात्र जपून. साधे ब्रेक लागतील, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. मेढ्यापुढची तुमची शाळा, जुलैचा पाऊस आणि धुकं यात हे परवडणारं नाही. काही दिवस एसटीने जा. ब्रेकचा लाल लाइटही लागला तर गाडी हलवूच नका. विमा कंपनी बेअरिंग-सेन्सरच्या बिघाडाचे पैसे देत नाही, आणि गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट पॉलिसीत असतेच. माहीत असलेला दोष घेऊन अपघात झाला तर दाव्यात फाटे फुटू शकतात.

आणि हो, स्पेअर पार्टच्या दुकानातलं बिल शोधा. मित्राने निघताना सांगितलं की अनेक मॉडेलना एबीएसवालं आणि बिनाएबीएसचं अशी दोन बेअरिंगं येतात, मापं सारखी, आणि दुकानदाराला फक्त गाडीचं नाव सांगितलं की स्वस्तातलं हातात पडतं. तुम्ही पत्रात लिहिलंय, "साडेअकराशेला मिळालं, स्वस्तात काम झालं." बिलावरचा पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरशी पडताळून घ्या. चुकीचं निघालं किंवा उलटं बसलेलं असलं, तर ते काढताना बहुधा निकामी होईल, म्हणून नवीन घेऊनच लेथवाल्याकडे जा आणि प्रेस मारायच्या आधी टाचणी लावून बघा.