कलेमागचं विज्ञान कळलं की कला कळते का? मग कलेवर लिहिण्याचा उपयोग काय?

मी गोव्यातल्या फोंड्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि संध्याकाळी, शेजाऱ्यांचा अंदाज घेऊन, तंबोरा काढतो. म्हणून तुमचा हा प्रश्न मला दोन्हीकडून चावतो.

तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) तारेखाली सुती दोरा सरकवतात. तो जागेवर बसला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, खुलते, तार बोलू लागते. कारण सांगता येतं. ही घोडी रुंद, किंचित उतरत्या पाठीची. थरथरणारी तार तिला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर, जागे होतात. तार बरोबर मध्यावर छेडली तर पुस्तकी नियमाने सम क्रमांकाचे उपस्वर उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात. १९२१ च्या सुमारास सी. व्ही. रामन यांनी हे नोंदवलं. वर्गात हे सांगताना मी अजूनही खुलतो.

पण दोरा लावताना यातलं काही आठवत नाही. केसभर सरकवायचा, ऐकायचं, परत सरकवायचा. गुरुजी डोळे मिटूनच म्हणतात, "अजून लागूंक ना." (अजून लागला नाही.)

लिहिण्याबद्दल म्हणाल तर इथून जवळच केरी, गायिका केसरबाई केरकरांचं गाव. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', जेमतेम साडेतीन मिनिटं. तबकडीच्या झाकणावर आकृत्या कोरल्यात : सुई कुठे टेकवायची, एक फेरा किती वेळात (३.६ सेकंद). परग्रहावर सेकंद कोण ओळखणार, म्हणून मापही हायड्रोजनच्या अणूवरून दिलंय. भैरवीने मैफल का संपवतात, हे मात्र त्या झाकणावर कुणी कोरायला गेलं नाही. गाणंच पाठवलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे उलट. 'दाणेदार तान', 'धीरगंभीर आवाज' ही विशेषणं कुठल्याही गायिकेला चिकटवा, बसतात. माझ्या उपयोगी पडलं ते एका म्हाताऱ्या श्रोत्याचं वाक्य : "बाई श्वास खंय घेता तें सोद." (बाई श्वास कुठे घेते ते शोध.) त्यानंतर ती साडेतीन मिनिटं मी किती वेळा लावली कोण जाणे. दोन जागा सापडल्यात. तिसरीवरून आमचं अजून भांडण चालू आहे.