पुरात बुडालेला आजोबांचा पट्ट्यावरचा जनरेटर: आधी मेगर लावा, मग ठरवा

तुम्ही विचारलंय की भिलवडीच्या जुन्या घरात आजोबांच्या वेळचा पट्ट्यावर चालणारा जनरेटर पडून आहे, 2019 च्या पुरात तो पाण्याखाली होता, भंगारवाला वजनावर मागतोय आणि घरात दोन मतं आहेत, तर दुरुस्त करावा का देऊन टाकावा.

मी सांगलीत मोटर वाइंडिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली. माझं मत सरळ आहे. आतलं जुनं वाइंडिंग, म्हंजे तांब्याच्या तारेचे वेढे, जिवंत असेल तर दुरुस्त करा, आणि ते मेगरवर कळतं, म्हंजे तारेवरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर. ते मेलं असेल तर रिवाइंड करू नका, म्हंजे जुनी तार काढून नवी भरू नका, साफ करा, तेल लावा आणि आहे तसा जपून ठेवा. भंगारात तर कुठल्याच परिस्थितीत देऊ नका, त्याला आतलं तांबं हवंय, बाकी बॉडी घणानं फोडणार तो.

रिवाइंड नको असं वाइंडिंगवालाच म्हणतोय याचं कारण सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा विट्याकडचे एक म्हातारे गृहस्थ टुरिंग टॉकीजचा डायनॅमो घेऊन आले होते. जत्रेत तंबूत सिनेमा दाखवायचे तेव्हा प्रोजेक्टरच्या आर्क लॅम्पला डीसी लागायचा, तो याच्यावर निघायचा. मी काय केलं तर जुनी कॉइल लवकर निघावी म्हणून जाळली, आणि टर्न, म्हंजे वेढे, नीट मोजायच्या आधीच तारा ओढून काढल्या. जाळल्यामुळं कोअरच्या, म्हंजे आतल्या लोखंडी गाभ्याच्या, पातळ पत्र्यांमधलं वॉर्निश गेलं, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे झाले, आणि त्यानंतर तो डायनॅमो लोड नसतानाही तापायला लागला तो कायमचा. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हात लावून बघितला आणि म्हणाले, "चालतोय, पण ह्यो आमचा न्हवं." सुती दोऱ्यात गुंडाळलेली ती जुनी तार तोवर भंगारात गेली होती, परत आणणार कुठनं. ते अजून मनातनं जात नाही म्हणून एवढं लिहितोय.

आता तुमच्याकडं काय आहे ते आधी ओळखा. शाफ्टच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यापट्ट्यांचा गोल (कम्युटेटर) आणि त्यावर कार्बन (ब्रश) टेकलेले असतील तर तो डीसी डायनॅमो, गुळगुळीत अखंड रिंगा असतील तर एसी. नेमप्लेटवर रंग बसला असेल तर रॉकेलच्या फडक्यानं हळूहळू पुसा, वायर ब्रश नको, अक्षरं जातात. आणि किर्लोस्करवाडी शेजारी आहे म्हणून मशीन तिथलंच असणार असं धरून चालू नका. वाडी 1910 ची आहे हे खरं, पण त्या काळात विलायती मशीनंही आपल्याकडं भरपूर आली होती, तेव्हा प्लेट सांगेल तेच खरं.

पुराचं मशीन म्हंजे आत गाळ. वाळलेला गाळ हवेतला ओलावा ओढत राहतो, म्हणून बाहेरनं खडखडीत दिसतं आणि आत दमट असतं. तेव्हा कुणी कितीही म्हटलं तरी पट्टा चढवून "फिरवून तर बघू" करू नका. आधी उघडा, ब्लोअर मारा, गाळ चिकटून असेल तर स्वच्छ गोड्या पाण्यानं धुवा, जोरात फवारा न मारता, आणि मग वाळवा. वाळवायला भट्टी लागत नाही, पत्र्याच्या पेटीत दोन-तीन 100 वॅटचे पिवळे बल्ब, वर पोतं, वाफ जायला फट, आणि बल्ब पोत्यापासनं आणि कॉइलपासनं लांब. चार-पाच दिवस लागू द्या.

मग 500 व्होल्टचा मेगर लावा, साधा मल्टिमीटर इथं उपयोगाचा नाही. कार्बन उचलून आर्मेचर (फिरणारा भाग) वेगळं आणि फील्ड (बॉडीत बसवलेल्या चुंबकाच्या कॉइली) वेगळं, दोन्ही बॉडीला धरून बघा. गरम व्हायला लागल्यावर आकडा आधी खाली जातो, त्याला घाबरून काम सोडू नका, आतला ओलावा सुटतोय म्हणून जातो, नंतर चढायला लागतो. 220 व्होल्टच्या मशीनला सव्वा-दीड मेगओमच्या वर जाऊन थांबला तर वाइंडिंगमध्ये जीव आहे. आठवडाभर वाळवूनही शून्यालाच चिकटलेला असेल तर मी वर म्हटलं तसं, जपून ठेवा.

जीव असेल तर पुढचं काम फार नाही. कम्युटेटरवर चॉकलेटी चमक असेल तर ती घासून काढू नका, ती चांगली असते, आणि घासायचंच झालं तर काचकागद वापरा, एमरी नाही, एमरीची पूड पट्ट्यांच्या फटीत बसून शॉर्ट करते. बुश, म्हंजे शाफ्ट ज्यात फिरतो ते बेअरिंग, व्हाइट मेटलचे असतील तर त्यात तेलच, ग्रीस नाही, आणि तेल वर आणणारी रिंग हातानं फिरते का बघा. फिरवूनही व्होल्टेज उठला नाही तर मशीन मेलं असं समजू नका, इतकी वर्षं पडून राहिल्यावर फील्डच्या लोखंडी पोलमधलं उरलेलं चुंबकत्व जातं, मशीन बंद ठेवून फील्डला 12 व्होल्टची बॅटरी काही सेकंद लावली की परत येतं. दिशा मात्र पहिल्यासारखीच, उलटं फिरवलं तर उठत नाही.

पट्ट्याचा हिशोब सोपा आहे. इंजिन 650 आरपीएम, त्याची पुली 30 इंच, जनरेटरची 13 इंच, तर 1500 आरपीएम येतात, त्यातले दोन-तीन टक्के घसरणीत जातात. चपट्या पट्ट्याची ढिली बाजू वर आणि ओढ खालनं ठेवा, पुलीला पकड जास्त बसते. राळ टाकायची जुनी सवय असते घरात कुणाला तरी, ती नको, पट्टा कडक होऊन तडकतो. आणि जाळी लावल्याशिवाय चालू करू नका, साडीचा पदर, ओढणी, लहान मुलं, पट्टा काही बघत नाही.

रोजच्या विजेसाठी मात्र याचा विचार करू नका, इंजिन-जनरेटरच्या अशा जुन्या जोडीवर इंधनाच्या लिटरला दोन-अडीच युनिट निघाले तरी खूप झालं. गणपतीत, किंवा आजोबांच्या नावानं वर्षातनं एकदा चार बल्ब लावायला चालवा. घराच्या लाइनला अजिबात जोडू नका, पलीकडं खांबावर वायरमन चढलेला असतो, करंट उलटा गेला तर जीव जातो त्याचा.

भंगारवाल्याला सध्या नाही म्हणून सांगा आणि नेमप्लेटचा आणि कार्बनच्या बाजूचा फोटो इथं टाका. उघडून धुऊन ठेवलात तर एखाद्या रविवारी मेगर घेऊन मीच भिलवडीला येतो, पैसे नकोत.